पप्पांचा दाढीचा आरसा आणि माझा नववा महिना

छत्तिसावा आठवडा संपत आला होता आणि मी कराडला माहेरी, बाथरूमची कडी दोनदा तपासून, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पप्पांच्या दाढीच्या आरशात स्वतःच्या पोटाखाली काय चाललंय ते बघत होते. गुलाबी कडेचा गोल आरसा, खिळ्याला अडकवायचा, एका बाजूने पारा उडालेला, मी शाळेत होते तेव्हापासून तोच आहे. पोट एवढं पुढे आलेलं की मान खाली घातली तर फक्त बेंबी दिसायची, ती पण उलटी होऊन बाहेर आलेली, त्यामुळे आरशाशिवाय इलाज नव्हता. आणि आरशात जे दिसलं ते बघून मला आधी हसू आलं आणि मग चक्क रडू. जंगल झालं होतं हो. चार महिने मी तिकडे बघितलंच नव्हतं.

हे लिहायचं तर पहिली अडचण शब्दाची. आपल्याकडे या जागेला धड बोलता येईल असा शब्दच नाही. आई 'तिकडे' म्हणते, आज्जी तर नुसती मान हलवून दाखवायची, पुस्तकातला शब्द कुणी तोंडाने उच्चारत नाही आणि जो उच्चारतात तो शिवीत. दवाखान्यात मात्र सगळ्याला मिळून एक शब्द आहे, 'प्रिपरेशन', म्हणजे तिकडचे केस काढून येणं. आमच्या दवाखान्याने सामानाची यादी दिली होती, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं पुसट झालेली. पुढून उघडणारे दोन गाऊन, धुऊन मऊ झालेल्या दोन सुती साड्या, टोपडी, लंगोट, मोठे पॅड, थर्मास, 'प्रिपरेशन करून येणे', आधार कार्डाची कॉपी. थर्मास आणि आधार कार्डाच्या मधे. मी ती यादी आईला वाचून दाखवत होते आणि त्या ओळीला आलं की दोघी गप्प. आई म्हणाली, "ते काय ते तू बघ," आणि लंगोटाचं कापड फाडायला लागली.

मी तशी पुण्यात नोकरी करणारी, हिंजवडीत सात वर्षं काढलेली, पार्लरला नियमित जाणारी बाई. हात, पाय, काखा वॅक्स. खाली कॉलेजपासून रेझर फिरवायचे, दर वेळी पुरळ यायचं, एखादा केस आत वळून गाठ व्हायची, ठणकायची, तरी परत तेच. का करतेस असं कुणी विचारलं असतं तर 'स्वच्छता' म्हणाले असते. नवरा काही बोललेला नाही कधी, बरं का, त्याच्या नावावर हे खपवायला नको. माझंच डोकं.

आणि मग दिवस राहिले आणि शरीराने माझं ऐकणं सोडून दिलं. पोटावर केसाळ लव आली, बेंबीपासून खाली सरळ काळी रेघ उमटली, हनुवटीवर दोन राठ केस उगवले (ते मी प्लकरने काढायचे आणि ते परत हजर), काखा काळ्या आणि मान तर अशी की जणू मी आठवडाभर आंघोळच केली नाही. या मानेने मला फार छळलं. डोहाळजेवणाला एकेक बाई ओटी भरायला यायची आणि माझ्या मानेकडे बघून म्हणायची, मुलगाच बघ. दुसरी म्हणायची नाही, चेहऱ्यावर तेज नाही म्हणजे मुलगा, मानेचं काय नसतं. म्हणजे मी समोर फुलांचे दागिने घालून हिरव्या साडीत धनुष्यबाण धरून बसलेली आणि ह्या माझ्या रंगावरून निकाल लावतायत. मेकअपवाल्या मुलीने मानेला तीन थर फाउंडेशन लावलं होतं ते घामाने वाहून साडीच्या काठाला लागलं. फोटोत मी सगळ्या ठिकाणी हनुवटी खाली दाबून बसलेय, मान झाकायला, त्यामुळे दुहेरी हनुवटी आलीय. एकही फोटो धड नाही.

एका काकूंनी तर लिंबाचं साल आणि बेसन घासायला सांगितलं, ते मी चार दिवस घासलं, कातडी सोलवटली आणि मग मान काळी प्लस लाल. डॉक्टर मॅडमनी ते बघितलं आणि विचारलं शुगरची टेस्ट झालीय का. मला वाटलं मॅडमपण मानेवर आल्या. पण त्या म्हणाल्या, दिवसांत कातडी काळवंडतेच, हार्मोनने होतं, पण मानेची घडी अशी जाड मखमलीसारखी काळी दिसली तर आम्ही शुगर तपासून घेतो. मग ते पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायले, दोन तास बाकावर बसले, रिपोर्ट १४० च्या आत आला, सुटले. सांगायचा मुद्दा, सहा महिन्यांत माझ्या मानेबद्दल वीस बायका बोलल्या आणि शुगर तपास असं एकीने सांगितलं, तेही पैसे घेऊन.

तर ती यादी. मी विचार केला आपण पार्लरलाच जाऊ. कराडात आमच्या गल्लीच्या टोकाला एक ताई आहेत, दहावीपासून माझ्या भुवया त्याच करतात. मी हळूच विचारलं, तिथलं वॅक्स करता का. त्यांनी आधी माझ्या पोटाकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि म्हणाल्या, "नको बाई. नववा लागलाय. ओढलं आणि इथंच काय झालं म्हणजे? माझ्या खुर्चीत?" मी म्हणलं खुर्चीत कसं होईल. तर म्हणाल्या आमच्या नणंदेचं रिक्षात झालं. ह्यावर काय बोलणार. वर त्यांनी भुवयांचे पैसे पण घेतले नाहीत, म्हणाल्या बाळ दाखवायला आण. घरी येऊन मी कपाटातली केस काढायची क्रीम काढली, तर तिच्या खोक्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं की नाजूक जागेला लावू नका. मग राहिलं रेझर, आणि रेझर न बघता फिरवायचा म्हणजे आंधळी कोशिंबीर. त्या दिवशी मी आरसा घेऊन बसले होते ती ह्याच तयारीने.

फिरवला नाही. भीती वाटली. आतल्या शिरा फुगलेल्या होत्या, ते पण मला आरशातच कळलं, निळसर जाड शिरा, सूज. हे कुणी सांगितलंच नव्हतं की पाय सुजतात तसं तिकडेही सुजतं. मी आरसा टॉवेलमधे गुंडाळून खोलीत आणला आणि पलंगावर बसून राहिले. मला त्या वेळी काय वाटत होतं सांगू का, मूल कसं होईल याची भीती वाटायला पाहिजे ना, तर मला भीती होती की तिथे चार लोक उभे राहून हे बघणार आणि म्हणणार शी, कशी आलीय बघा ही. आयटीतली म्हणे.

पुढच्या चेकअपला मी सगळं विचारून झाल्यावर, म्हणजे वजन, हालचाल, हिमोग्लोबिन, फाईल बंद करून उठताना, दाराच्या कडीला हात लावून विचारलं, "मॅडम, ते यादीत प्रिपरेशन लिहिलंय." मॅडम म्हणाल्या, "बसा." मी बसले. म्हणाल्या, "यादी जुनी आहे, काउंटरवाले बदलत नाहीत. काही करायची गरज नाही. तुम्हाला अडचण वाटत असेल तर कात्रीने नाहीतर ट्रिमरने बारीक करा. ब्लेड लावू नका." का, तर ब्लेडने कातडीला डोळ्याला न दिसणारे बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तेवढंच पाहिजे असतं. म्हणजे ज्या स्वच्छतेच्या नावाने मी दहा वर्षं रेझर फिरवला ती उलटीच निघाली. ते पुरळ, त्या गाठी, सगळं त्याचंच.

मग होता नव्हता तेवढा सगळा धीर गोळा करून मी दुसरं पण विचारून टाकलं, जे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते. "मॅडम, कळा देताना शी झाली तर?" मॅडमनी पेन खाली ठेवला. "होते. बऱ्याच जणींना होते. बाळाचं डोकं खाली सरकताना मागच्या आतड्यावर दाब येतो. आम्हाला त्यातून एवढंच कळतं की डोकं खाली येतंय. आम्ही खूश होतो." मी बाहेर आले तर आई विचारते एवढा वेळ काय बोलत होतीस, मी म्हणलं लोहाच्या गोळ्यांचं.

रात्री झोप नव्हतीच, दर तासाला बाथरूम, तर मी फोनवर वाचत बसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणातल्या काळजीबद्दल जे काढलंय त्यात सरळ आहे की नॉर्मल डिलिव्हरीआधी सरसकट केस काढू नयेत, आणि सरसकट एनिमाही देऊ नये. आणि यावर जे अभ्यास झालेत ते एकत्र करून बघणारा एक आढावा आहे, तीन अभ्यास, मिळून १०३९ बायका, केस काढल्याने ताप किंवा इन्फेक्शन कमी होतं असा काही पुरावा मिळत नाही. त्या तिन्हीतला सगळ्यात जुना अभ्यास कधीचा आहे माहितीये? १९२२ चा. माझ्या आज्जीचा जन्म व्हायचा होता तेव्हा. मी अंधारात फोन छातीवर ठेवून पडून राहिले आणि मला त्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवाल्या यादीचा असा राग आला की काय सांगू.

तरी पण. बारीक करायचंच असं मी ठरवलं. कुणासाठी नाही, खरंच, पॅड लावल्यावर चिकटतं, उकाडा होता, घामोळं आलेलं, मला मोकळं वाटावं म्हणून. आता हे 'माझ्यासाठी' किती खरं आणि किती त्या टेबलावरच्या चार लोकांसाठी ते मला आजही नक्की सांगता येत नाही. असो.

शनिवारी नवरा पुण्याहून आला, येताना नवा ट्रिमर घेऊन. त्याला मी फोनवर सांगितलं होतं तर म्हणाला त्यात काय, मी रोज दाढी सेट करतो. मी म्हणलं ही दाढी नाही. दुपारी पप्पा झोपलेले, आई खाली चटणी कुटायला गेलेली, आम्ही दोघं बाथरूममधे. आमचं बाथरूम म्हणजे बादली, स्टूल आणि मी एवढ्यातच भरतं. तो खाली उकिडवा बसलेला, एका हातात ट्रिमर, दुसऱ्या हातात फोनचा टॉर्च, आणि आरसा मी धरलेला, कारण मला बघायचं होतं तो काय करतोय. तीन मिलिमीटरची कंगवी लावून त्याने इतकं हळू सुरू केलं की जणू बॉम्बच्या वायरी कापतोय. मधेच विचारतो, "ही शीर अशीच असते का?" मी म्हणलं आता असते. तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "दुखतं का?" एवढंच. मी आठ महिने ज्याला लपवत होते, लाइट बंद कर, टॉवेल दे, तिकडे बघ, त्याला एवढंच विचारायचं होतं.

मग त्याच्या पायाला मुंग्या आल्या आणि तो बादलीत कलंडला आणि मला जे हसू सुटलं ते थांबेना, आणि नवव्या महिन्यात असं हसल्यावर काय होतं ते बायांना माहितीच आहे, तर ते झालं, त्याच्या हातावर. आणि तेवढ्यात दारावर थाप. "काय गं? पडलीस का? आणि जावईबापू कुठंयत?" मी म्हणलं, "बाजारात गेलेत." ट्रिमर चालूच होता.

कळा एकोणचाळिसाव्या आठवड्यात सुरू झाल्या, रात्री दोनला पाणी गेलं, आणि आम्ही सव्वातीनला दवाखान्यात. बॅग, थर्मास, आधार कार्ड सगळं. नवरा पुण्यातून निघाला होता. आईला आत येऊ दिलं ते फार बरं झालं. सरकारी दवाखान्यांसाठी २०१७ पासून जो लक्ष्य नावाचा कार्यक्रम आहे त्यात तर बाळंतिणीजवळ तिचं माणूस असावं असं आहेच, पण खासगीत ज्याच्या त्याच्या मनावर. रात्रपाळीच्या सिस्टर एकट्या होत्या, दोन पेशंट, त्यांना दम नव्हता. स्टीलचा ट्रे घेऊन आल्या, त्यात रेझर, कापूस. "प्रिपरेशन झालंय?" मी म्हणलं मॅडम नको म्हणाल्यात. "इथं सगळ्यांचं करतो आपण." मी परत म्हणलं, नको. कळ आली, बोलताच येईना, नुसती मान हलवत होते आणि मला वाटलं आता ह्या कळेत हे करूनच टाकणार.

तर कोपऱ्यात फरशी पुसत होत्या त्या मावशी आल्या, गाऊन जरासा वर केला, बघितलं आणि म्हणाल्या, "बारीक केलंय की पोरीनं. राहू द्या सिस्टर. कळा बघा तिच्या." झालं. ट्रे गेला. सिस्टरही वाईट नव्हत्या, नंतर त्यांनीच माझी पाठ चोळली अर्धा तास. पण ती मान हलवत 'नको' म्हणायची वेळ मला अजून झोपेत येते.

पुढचे सात तास मी काय घातलंय, काय दिसतंय, याचा एकदाही विचार आला नाही. गाऊन मागून उघडा, दर थोड्या वेळाने आतून तपासणी, कधी मॅडम, कधी सिस्टर, तीन सेंटीमीटर, पाच, साडेपाच. शीची एवढी भीती घेऊन गेले होते ती झालीच नाही, झाली उलटी, आणि तीही मावशींच्या चपलेवर. मावशी म्हणाल्या, "चपलीच हायत, धुता येत्यात." सातवर येऊन गाडी अडकली. मग मशीनवर बाळाचे ठोके खाली जायला लागले, मॅडम दोनदा आल्या, कागदाची पट्टी बघितली आणि म्हणाल्या आता थांबायला नको, सिझर करू.

आणि मग दहा मिनिटांत माझं सगळं उतरवलं. हिरव्या बांगड्या हात सुजल्यामुळे निघेनात, सलाईनला अडचण व्हायला लागली. सिस्टर म्हणाल्या फोडते, तर आई एकदम ओरडली, "फोडू नका, वाढवा." त्या गडबडीत, त्या कळांत, शब्द बरोबर पाहिजे! मावशींनी प्लास्टिकची पिशवी माझ्या हातावर चढवली, कासार करतात तशी, आणि एकेक बांगडी सरकवून काढली, एकच तडकली. मंगळसूत्र, जोडवी आईच्या रुमालात. ऑपरेशनला जी कापायची मशीन असते त्यात करंट असतो म्हणून अंगावर धातू नको. नाकातली चमकी काही केल्या निघेना, तिच्यावर चिकटपट्टी लावली. हाताचं नेलपेंट मी आधीच काढलं होतं कारण बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात, त्याला रंग आडवा येऊ शकतो. पायाचं राहिलं होतं, डोहाळजेवणाला मामेबहिणीने लावलेलं लालभडक, अर्धं वाढून पुढे गेलेलं, कारण माझा हात पायापर्यंत पोचतच नव्हता महिनाभर. भुलीचे डॉक्टर त्या पायांकडे बघून म्हणाले, "वा, रंग छान आहे." मला ते वाक्य इतकं आवडलं. पाठीत सुई घालायच्या आधी कुणीतरी माझ्या फुटक्या नेलपेंटचं कौतुक केलं.

केसांचं म्हणाल तर ऑपरेशन टेबलावर एका सिस्टरने इलेक्ट्रिक क्लिपरने वरचा, जिथे छेद घेणार तेवढाच भाग, दोन-तीन बोटं रुंदीचा, अर्ध्या मिनिटात केला. ब्लेड नाही. ऑपरेशनलाही आता असंच सांगतात, अडचण असेल तरच काढा आणि काढायचे तर क्लिपरने. अर्धं मिनिट! ज्याच्यासाठी मी पार्लर, क्रीम, आरसा, रडणं, बादली, एवढं सगळं केलं होतं.

मुलगी झाली. दोन किलो नऊशे. मानेवरून मुलगा सांगणाऱ्या सगळ्या काकू पेढे खाऊन गेल्या, एकीनेही तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढल्यावर त्याच मावशी मला पुसायला आल्या. कोमट पाणी, दोन कापडं. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी मला कुस बदलून दिली, पॅड बदललं, मांड्यांवर वाळलेलं रक्त पुसलं, आणि सगळा वेळ त्या त्यांच्या सुनेच्या रेशन कार्डाचं काय झालं ते सांगत होत्या. मी मधे डोळे उघडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. काहीच नव्हतं चेहऱ्यावर. किळस नाही, कौतुक नाही, दया नाही. रेशन कार्डाचंच टेन्शन होतं.

घरी आल्यावर टाक्यांची पट्टी निघेपर्यंत नुसतं अंग पुसून घेणं. आंघोळीला परवानगी मिळाली त्या दिवशी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई मलाही घालते म्हणाल्या, पण टाक्यांमुळे आई तयार होईना, म्हणाली मीच घालते. मी सहावीत असल्यापासून आईने मला तसं बघितलेलं नाही. मी स्टुलावर बसले, पोट म्हणजे हवा गेलेला फुगा, त्यावर जांभळ्या रेघा, खाली आडवा टाका, छातीवर दुधाचे डाग. दोन्ही हात कुठे ठेवायचे कळेना. आईने पहिला तांब्या खांद्यावर ओतला आणि म्हणाली, "हात काढ गं. मी काय पाव्हणी आहे का."

पाणी टाक्याशी आलं तसं मी आई गं केलं. तिला वाटलं टाका दुखला. मी म्हणलं नाही, ते क्लिपरने काढलेले केस उगवतायत, टोचतंय. आईचा तांब्या बादलीतच थांबला. म्हणाली, "एवढंच केलं होय तुझं?" मी म्हणलं, हो, वरचं तेवढं.

ती माझ्या मागे बसली होती त्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठीला उटणं लावत लावत सांगत होती. १९९५ साली माझ्या वेळी ती ज्या दवाखान्यात होती तिथे त्या रात्री पाच जणी होत्या. एक बाई आली आणि ओळीने सगळ्यांचं केलं, एकीचं झालं की दुसरी. पाणी गार, साबण अंगाचा. "मी डोळे मिटले होते. दोन ठिकाणी कापलं मला. लघवीला गेलं की जीव जायचा. टाके ते वेगळेच. आणि मग केस यायला लागले की महिनाभर असं टोचायचं, बसता येईना. तुझ्या आज्जीला म्हणलं तर म्हणाली बाळंतपण म्हणजे एवढं असायचंच. मग नाही बोलले."

मी विचारलं, "आई, ब्लेड बदललं का गं प्रत्येकीला?"

"सांगितलं ना, डोळे मिटलेले."

एकोणतीस वर्षं. हिने मला पाळीचं सांगितलं, लग्नाच्या आधी गोळ्यांचं पण सांगितलं, चार वाक्यांत का होईना. हे कधी नाही. मी मागे हात नेऊन तिचा उटण्याचा हात धरला, तो निसटला, चिकट होता, आणि ती म्हणाली, "सोड, पाणी गार होतंय."

मग दोन तांबे ओतल्यावर आपणच म्हणाली, "त्या दिवशी बाजारात गेले होते म्हणे जावईबापू."

मी गप्प.

"मशीनचा आवाज येत होता खालपर्यंत. चटणी कुटायची थांबवली मी. म्हणलं हे काय दळतायत दोघं आत."

मला हसू फुटलं, आणि टाके ओले असताना हसणं म्हणजे शिक्षा आहे, मी टॉवेलचा बोळा करून पोटावर दाबला आणि वाकून हसत होते, डोळ्यातून पाणी, आई म्हणतेय हसू नकोस, टाका उसवेल, आणि तिला स्वतःला आवरत नाहीये, तांब्या हातातून सुटून फरशीवर घरंगळला. त्या आवाजाने पप्पा दाराशी आले.

"काय झालं? पडलं का कोण?"

"काही नाही हो," आई म्हणाली.

"बरं. आणि माझा दाढीचा आरसा बघितलाय का कुणी? दोन आठवडे झाले, अंदाजाने करतोय."

आरसा माझ्या दवाखान्याच्या बॅगेत होता, टॉवेलमधे गुंडाळलेला, टाका बघायला नेला होता मी. आई मोठ्यांदा म्हणाली, "वॉशबेसिनवर आरसा आहे की एवढा मोठा, त्यात करा."